अकरा वर्षं आम्ही ते घोरण्यावर ढकललं

"आणि तो दुसरा त्रास किती दिवसांपासून आहे?" कार्डिऑलॉजिस्ट बाईंनी विचारलं.

हे म्हणाले, "वर्षभर झालं असेल."

मी म्हणाले, "अकरा वर्षं."

बाईंनी आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वहीत अकरा लिहिलं. नवराबायकोच्या उत्तरांत दहा वर्षांची तफावत असली की कुणाचं धरायचं, हे त्यांना सरावाने ठाऊक असावं.

त्याआधी पाच मिनिटं त्यांनी सकाळच्या अँजिओग्रामचा निकाल सांगितला होता. अँजिओग्राम म्हणजे मनगटातून बारीक नळी घालून, रंग सोडून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात ते. निकाल होता ट्रिपल व्हेसल डिसीज. म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तिन्ही मोठ्या वाहिन्या ठिकठिकाणी बुजलेल्या. बायपासशिवाय इलाज नाही, आणि बायपास होईपर्यंत घरी सोडणार नाही.

"तो दुसरा त्रास" म्हणजे इरेक्टाइल डिसफंक्शन. मराठी वर्तमानपत्रांतल्या जाहिराती त्याला "कमजोरी" म्हणतात आणि खाली एखाद्या वैदूचा मिशाळ फोटो छापतात. मी सरळ सांगते. पुरुषाच्या लिंगाला ताठरता येत नाही, किंवा आली तरी संबंध होईपर्यंत टिकत नाही. एवढंच आहे ते. वाचून कुणी मेलं नाही. न बोलल्याने मात्र आमच्याकडे एकजण जाता जाता राहिला.

बाई शांतपणे सांगत होत्या. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात. आत चरबी साठायला लागली की आधी बारीक वाहिनी दगा देते, मोठी नंतर. त्यामुळे पुष्कळ पुरुषांना छातीत दुखायच्या काही वर्षं आधी हा त्रास सुरू होतो. "त्या वेळी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घेतलं असतं तर..." असं म्हणून त्या थांबल्या. इथले डॉक्टर असली वाक्यं पुरी करत नाहीत. पुरं करायचं काम पेशंटच्या बायकोवर सोडतात.

मी ते त्या खुर्चीतच पुरं केलं. आणि मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. कारण हे वाक्य मला पाठ होतं. मी ते स्वतः टाइप करत होते. एकोणीस वर्षं.

आता ओळख सांगते. मी एकाहत्तर वर्षांची आजी, मुक्काम लंडनजवळचं वॉटफर्ड. माझे यजमान श्रीधर पंचाहत्तरचे. छत्तीस वर्षं त्यांनी इथल्या इस्पितळांत ॲनेस्थेटिस्ट म्हणून काढली, म्हणजे ऑपरेशनआधी भूल देणारे डॉक्टर. आणि मी मेडिकल सेक्रेटरी. विभाग कुठला, तर युरॉलॉजी, म्हणजे मूत्रमार्गाची आणि पुरुषांची नेमकी 'ती' दुखणी पाहणारा. हसा.

माझं काम असं की कानात हेडफोन, पायाखाली पेडल, आणि कन्सल्टंट साहेबांनी बोलून ठेवलेली पत्रं टाइप करायची. प्रत्येक पत्राची सुरुवात ठरलेली, "या सुस्वभावी गृहस्थांना माझ्याकडे पाठवल्याबद्दल आभार." त्यांच्याकडे आलेला प्रत्येक माणूस सुस्वभावी. मग वय, मग इरेक्टाइल डिसफंक्शन, मग गोळीचं नाव. आणि शेवटची ओळ, जी.पी.ला म्हणजे घरच्या डॉक्टरला विनंती, की कृपया यांचा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासावं. अशी शेकडो पत्रं मी एकही चूक न करता पाठवली. लिंगाच्या तक्रारीला कोलेस्टेरॉल कशाला तपासायचं, असा प्रश्न ह्या विदुषीला एकोणीस वर्षांत एकदाही पडला नाही. वेग मात्र मिनिटाला सत्तर शब्द.

अशी बाई संध्याकाळी पाचला मशीन बंद करून, कोट चढवून घरी येई आणि तिच्या स्वतःच्या घरात तीच गोष्ट घडत असताना तिला काही म्हणजे काही कळत नसे.

तेव्हा मी साठीला टेकले होते. आत्ताच्या मानाने पोरगीच, आणि अक्कलही तेवढीच. हे माझ्यापासून दूर दूर राहायला लागले. आधी "आज दमलोय", मग "उद्या लवकर उठायचंय", मग नुसतंच कूस बदलणं. दुसऱ्यांना भूल देण्यात जन्म घालवलेला माणूस, झोपेचं सोंगही सराईतपणे घ्यायचा. श्वाससुद्धा मोजून.

त्यावर मी तीन सिद्धांत मांडले. पहिला, मी जाड झाले. म्हणून लेझर सेंटरच्या, म्हणजे इथल्या सार्वजनिक क्रीडाकेंद्राच्या, पोहण्याच्या तलावात इंग्रज बायकांबरोबर फोमच्या नळकांड्या धरून सहा महिने उड्या मारल्या. काही झालं नाही, सर्दी झाली. दुसरा, ऑपरेशन थिएटरमधली एखादी नर्स. म्हणून ह्यांच्या कोटाचे खिसे तपासले. पेपरमिंट निघाले. तिसरा, हे अध्यात्माकडे वळले. हा सिद्धांत मला फार आवडला. त्यात नवरा विरक्त आणि मी विरक्ताची पत्नी. दोघांचीही पत राहते. माझ्यातल्या त्या बाईने तर तेव्हा संकष्टी सुद्धा धरली होती. आठवलं की तिच्या डोक्यावर साबुदाण्याची वाटी उपडी करावीशी वाटते.

चौथा सिद्धांत, म्हणजे माणूस आजारी असेल, हा मात्र इस्पितळाचे दोन पगार येणाऱ्या त्या घरात कुणालाच सुचला नाही.

मग हे बॉक्सरूममध्ये, म्हणजे अडगळीच्या छोट्या खोलीत, झोपायला लागले. कारण काय सांगायचं? घोरणं. महाराष्ट्र मंडळात मी सहज म्हटलं, "आमचे हे फार घोरतात बाई, वेगळी खोली केली." लगेच एक म्हणाली, "आमचे पण." दुसरी म्हणाली, "आमचे तर इंजिन." चार-पाच जणींनी माना डोलावल्या. वॉटफर्डपासून वेम्बलीपर्यंत साठीच्या पुढचे सगळे मराठी पुरुष एकाच हिवाळ्यात घोरायला लागले होते, आणि आम्ही शहाण्या बायका एकमेकींना कानात घालायच्या बोळ्यांची दुकानं सांगत होतो.

खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं. ऐसपैस पलंग, हवा तो दिवा, हवं ते मासिक. बरं वाटलं आणि अपमानही वाटला, आणि दोन्ही एकाच रजईखाली घेऊन मी अकरा वर्षं झोपले.

जी.पी.कडे का गेले नाहीत, ते ऐका. आमच्या सर्जरीत म्हणजे दवाखान्यात जी डॉक्टर आहे ती मुग्धा. आमच्या मित्रांची मुलगी. लहानपणी आमच्या सोफ्यावर वरणभात सांडलेली. ह्यांना काका म्हणते. तिच्यासमोर जाऊन काका काय सांगणार? सर्जरीत आणखी तीन डॉक्टर होते, त्यातले दोन पुरुष. पण "मुग्धा कॉम्प्युटरवर वाचेल ना!" म्हणून हे सर्जरीतच जायचे बंद झाले. नुसत्या ह्याच तक्रारीसाठी नव्हे, कशासाठीच. रक्तदाब तपासायला या असे मेसेज यायचे, ते पुसून टाकायचे. "मला काय धाड भरलीय? मी स्वतः डॉक्टर आहे." घरातल्या रक्तदाबाच्या यंत्राची बॅटरी कधीची संपली होती.

आमच्या लोकांची ही खास तऱ्हा आहे. ज्या देशात औषधोपचार सगळ्यांना खुले, आणि आमच्यातल्या अर्ध्याअधिकांनी ते चालवण्यात हाडं झिजवली, तिथे आम्ही स्वतःची दुखणी मात्र मंडळाच्या पंगतीत दाखवणार. श्रीखंडाची वाटी हातात धरून तीळ दाखवायचा, एक्सरे फोनवर दाखवायचा, आणि जे दाखवता येत नाही ते विनूभाऊंच्या कानात सांगायचं.

विनूभाऊ ह्यांचे मित्र, निवृत्त हाडांचे डॉक्टर. दर हिवाळ्यात दोन महिने पुण्याला जातात. येताना त्यांच्या बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि अर्ध्या मंडळाची औषधं. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. "घे रे, काही होत नाही." हाडांचा डॉक्टर, भाजणीच्या पिशवीतून.

दोन वर्षांपूर्वी बॉक्सरूम झाडताना मला त्या मेलेल्या रक्तदाबाच्या यंत्राच्या डब्यात एक गोळ्यांची पट्टी सापडली. टॅडॅलाफिल. नाव वाचायलासुद्धा चष्मा लागला नाही, इतकं ते बोटांत बसलेलं. रक्तवाहिन्या सैल करून ताठरतेला मदत करणारी गोळी. असर दीड-दोन दिवस राहतो.

पट्टीतल्या तीन गोळ्या गेलेल्या होत्या.

माझ्याकडे तर कुणी आलं नव्हतं. मग कोणासाठी? एकाहत्तरीच्या आसपास बायका नातवंडांचे स्वेटर विणतात म्हणे. मी रोज सकाळ-संध्याकाळ नवऱ्याच्या गोळ्यांची मोकळी घरं बघत होते. संशय घेतला सुलभावर. सुलभा ह्यांची ब्रिजमधली जोडीदार, घटस्फोटित, केस कापलेले, हसणं मोठं. पुरावा? ती ह्यांना "श्री" म्हणते, एवढाच. दोन वर्षं मी त्या बिचारीशी तोंडदेखलं बोलले. विचारलं मात्र कुणालाच नाही. ना तिला, ना ह्यांना. विचारणं म्हणजे हलकेपणा, आणि पाळत ठेवणं म्हणजे संस्कार, असा तेव्हा माझा समज होता.

आता या जानेवारीतला शनिवार. मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम, शाळेच्या हॉलमध्ये. जेवणं झाली होती, दुपारचे दोन. पुरुष खुर्च्या एकावर एक रचत होते. हे मधेच बसले. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम, हात जबड्याला.

क्षणात भोवती सात डॉक्टर जमले. सगळे निवृत्त. त्वचेचे एक, हाडांचे एक, मनाचे एक, उरलेले प्रयोगशाळेतले, ज्यांनी जिवंत माणूस शेवटचा कधी पाहिला होता कोण जाणे.

"तिळगूळ जास्त झाला."

"ॲसिडिटी आहे. इनो द्या, इनो!"

"श्री, अरे टेन्शन घेतोस का कसलं?"

त्वचेच्या डॉक्टरांनी तेवढी नाडी पाहिली आणि ते एकदम गप्प झाले. तेव्हा मला कळलं की हे खरं आहे.

विनूभाऊंनी खिशातून स्वतःचा स्प्रे काढला. त्यांना अंजायनाचा त्रास आहे, म्हणून जी.टी.एन. स्प्रे कायम जवळ असतो. जिभेखाली मारला की रक्तवाहिन्या उघडतात, छातीची कळ थांबते. गुणी औषध आहे. पण टॅडॅलाफिल पोटात असताना ते मारलं, तर दोन्ही मिळून रक्तदाब असा कोसळतो की माणूस परत येईलच असं नाही. तेवढं मला ठाऊक होतं. पत्रांत ते ठळक अक्षरांत टाइप करावं लागे.

आणि त्या दिवशी सकाळी मी पट्टी पाहिली होती. आदल्या संध्याकाळी भरलेलं एक घर मोकळं होतं.

"श्री, आ कर. जीभ वर."

ह्यांनी मान हलवली. तोंड घट्ट मिटलेलं.

"अरे आ कर ना! लहान मुलासारखं काय चाललंय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. भूल देणारा डॉक्टर, औषधांची सरमिसळ काय करते हे त्या हॉलमध्ये ह्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण भोवती सात मित्र, मागे त्यांच्या बायका, मुग्धाचे आईवडील, हातात तिळगुळाचे डबे. विनूभाऊंनी हनुवटी धरली. आणि माझ्या नवऱ्याने, छत्तीस वर्षांच्या अनुभवी माणसाने, तोंड उघडलं. बोलायला नव्हे. स्प्रे घ्यायला.

इतकी लाज. लाजेपायी मरायला तयार झालेला माणूस मी डोळ्यांनी पाहिला. आणि माझीही जीभ एक क्षण चिकटली होती, हेही लिहून ठेवते. चारचौघांत कसं बोलायचं, असं त्या क्षणीसुद्धा मनात आलं. त्या क्षणाचा मला आजही तिटकारा येतो.

"थांबा!" मी ओरडले. "त्यांनी टॅडॅलाफिल घेतलंय. आज सकाळी."

 

विनूभाऊ स्प्रे तसाच धरून म्हणाले, "कशाला?"

"कशाला म्हणजे? तुम्हीच आणून दिलंत ना? तुम्ही कशाला घेता?"

विनूभाऊंच्या बायकोने हातातला डबा खाली ठेवला. आणि सगळ्यांत मागून एक मोठा, स्पष्ट आवाज ऐकू आला. सुलभा फोनवर ॲम्ब्युलन्सला शाळेचा पत्ता सांगत होती. सात डॉक्टरांत ते एकालाही सुचलं नव्हतं.

पॅरामेडिक मुलगी आली. तिचा तिसराच प्रश्न तोच होता, लैंगिक ताकदीची कुठली गोळी घेतलीय का? मी नाव सांगितलं, वेळ सांगितली. तिने मान डोलावली, जणू मी पावसाबद्दल बोलले. स्प्रे बाजूला, ॲस्पिरिन चावायला दिली, ई.सी.जी. काढला, आणि निघालो.

इस्पितळात पहिली रक्ततपासणी ट्रोपोनिनची. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे द्रव्य रक्तात उतरतं. ते वाढलेलं होतं, काही तासांनी आणखी वाढलं. हार्ट अटॅक, पण लहान. सोमवारी अँजिओग्राम. त्यानंतरचं सुरुवातीला सांगितलंच.

मग नुसती वाट. बायपास लंडनच्या मोठ्या इस्पितळात व्हायचा होता आणि तिथे खाट मिळायला आठ दिवस लागले. रोज सकाळी नर्स सांगे, "आज नाही, कदाचित उद्या." मी दहाला जायची, पाचला परत. शेजारच्या खाटेवरचे आजोबा दिवसभर घोड्यांच्या शर्यती बघत.

चौथ्या दिवशी दुपारी मी पडदा ओढला. हे चमच्याने लाल जेली हलवत होते.

"आता ऑपरेशन आहे. खरं सांगा. कोणासाठी घेत होतात?"

"काय कोणासाठी?"

"गोळ्या."

माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच भूल घेतली आहे. "कोणासाठी म्हणजे? तुझ्यासाठी."

"माझ्यापर्यंत तर कधी पोचलं नाही काही."

जेलीत पुन्हा चमचा घातला. मग म्हणाले, "आधी बघायचं होतं, होतंय का. झालं असतं तर आलो असतो. नाही व्हायचं. एकदोनदा तुझ्या दारापर्यंत आलो, मग खाली जाऊन चहा केला."

तो चहा मी प्यायले होते. सकाळी सातला आयता चहा खोलीत यायचा, आणि मी मनात म्हणायची, आज काय पाप धुताय?

"मला सांगायचंत ना," मी म्हणाले.

"काय सांगू? डॉक्टर म्हणून लाज वाटायची, आणि माणूस म्हणून त्याहून." चमचा ठेवला. "पण तू तरी कुठे विचारलंस? तू तर तेच काम करत होतीस."

  पडद्यापलीकडे शर्यत संपत आली होती, समालोचक किंचाळत होता. मी त्यांचा हात धरला, सलाइनची सुई चुकवून. केवढा हलका झाला होता हात. हा माणूस आता गेला तर त्याच्याबद्दलचे माझे सगळे निकाल चुकीचेच राहतील, असं वाटलं आणि मी खूप घाबरले.

ऑपरेशन पाच तास चाललं. मुलगी केतकी एडिनबरातून आली होती, तिथल्या विद्यापीठात नोकरी करते. वेटिंग रूममध्ये तिचं चालू होतं, "आई, अजून किती वेळ लागेल? इतका लांब ऑपरेशन असते का?" आणि मग हळूच, "आई, तू मंडळात सगळ्यांच्या समोर बोलली? मला आत्याची मेसेज आला, मुंबईवरून."

"मग मेसेजला काय म्हणालीस?"

"मी म्हणाली, माझा बाबा जिवंत आहे."

तिच्या मराठीचं व्याकरण मी आयुष्यभर दुरुस्त केलं. त्या दिवशी नाही केलं.

सर्जन आले, टोपी काढली. चार ग्राफ्ट्स, म्हणजे पायातली शीर काढून हृदयाला चार नव्या वाटा करून दिल्या. हृदयाचं काम करणाऱ्या मशीनवरून उतरले, हृदय आपोआप सुरू झालं. केतकी रडली. मी मशीनमधला तो घाणेरडा चहा घेतला आणि पूर्ण प्यायले.

तिसऱ्या दिवशी खुर्चीत. पाचव्या दिवशी जिना. आठव्या दिवशी घरी, छातीशी उशी धरून, कारण खोकला आला की मधोमध कापलेलं हाड दुखतं. सहा आठवडे अर्ध्याहून जास्त भरलेली किटली उचलायची नाही. छातीपेक्षा मनाचं जड गेलं. हवामानाच्या बातम्या बघून रडायचे. हे बहुतेकांना होतं असं नर्सने बजावलं होतं, म्हणून मी घाबरले नाही. स्कॉटलंडमध्ये बर्फ पडणार म्हटल्यावर रुमाल पुढे करायची.

मग कार्डियाक रिहॅब. बायपास झालेल्यांना हळूहळू व्यायामाला लावतात आणि शेवटी अर्धा तास माहिती देतात. आठ आठवडे, लेझर सेंटरच्या हॉलमध्ये. बारा पुरुष, दोन बायका, सगळ्यांच्या छातीवर एकाच शिंप्याची शिलाई. आम्ही पेशंटांच्या बायका मागच्या खुर्च्यांवर. नर्स मॉरीन, आयरिश, हातभर उंच आणि आवाज पोलिसाचा.

पाचव्या आठवड्याला तिने शेवटचं पान काढलं, "रिलेशनशिप्स". म्हणाली, "लाज वाटत असेल तर घरी वाचा." बारा पुरुष एकदम आपापले बूट बघायला लागले. रंग गेलेले बारा जोड ट्रेनर्स, त्यात बघण्यासारखं काय होतं?

आणि माझ्या नवऱ्याने हात वर केला.

"मी निवृत्त डॉक्टर आहे," हे म्हणाले. आवाज थिएटरमधला, सपाट, स्वच्छ. "मला अकरा वर्षं इरेक्शन होत नाही. मी कुणाला सांगितलं नाही, कुणाला दाखवलं नाही. ते माझ्या हृदयाचं लक्षण होतं. आता मला विचारायचंय, पुढे काय करता येतं?"

मॉरीनने कागद खाली ठेवला. सांगितलं, की दोन जिने न थांबता, धाप न लागता चढता आले तर बहुतेक माणसांना शरीरसंबंध झेपतो. गोळ्या आहेत, पण कुणाला चालतात ते डॉक्टरनेच ठरवायचं, आणि नायट्रेटचा, म्हणजे जी.टी.एन.चा, स्प्रे आणि त्या गोळ्या एकत्र कधीही नाही. गोळी चालत नसेल तर इंजेक्शन आहे, पंप आहे. बोलण्यासाठी समुपदेशक आहे.

 मग एक दांडगा प्लंबर म्हणाला, "पंप म्हणजे कसला पंप?" आणि तो वर्ग पाऊण तास लांबला. माझ्या शेजारची त्याची बायको पुटपुटली, "आम्ही लोकांना त्याची पाठ दुखते म्हणून सांगतो." मी तिला पेपरमिंट दिलं.

पुढच्या सोमवारी हे मुग्धाकडे गेले. एकटे. मी बाहेर. वीस मिनिटांनी आले, तर कान लाल. "काय म्हणाली?" "म्हणाली, काका, दिवसाला असे चारजण येतात. तुम्हीच कुठे अडकलात?" तिने क्लिनिकला चिठ्ठी दिली, रक्तदाबाच्या गोळ्या बदलल्या, आणि क्लिनिकमधून पंप आला. हवा काढून घेणारी प्लास्टिकची नळी. तिच्या मदतीने लिंगात रक्त ओढलं जातं. सोबत छत्तीस पानी पुस्तिका. ती आम्ही डायनिंग टेबलवर चष्मे लावून वाचली.

वाचणाऱ्या बायकांनो, तुमचे घोरत असतील तर जरूर घोरू द्या. पण दुसरी खोली करायच्या आधी एक प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. पुरुषांनो, ओळखीचा डॉक्टर नको असेल तर अनोळखी मागा, हक्काने मिळतो. वयाचं आहे म्हणून सोडू नका. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, एवढं तरी तपासा. कुणाच्या बॅगेतून आलेली गोळी घेऊ नका, आणि घेतलीच असेल तर छातीत कळ आल्यावर पहिलं वाक्य ते बोला.

आणि आभार. पॅरामेडिक मुलीचे, मॉरीनचे, मुग्धाचे. सुलभाची मी घरी बोलावून माफी मागितली. कशाची ते सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "श्री? आणि मी? अगं, तो पत्तेसुद्धा धड टाकत नाही!" आमचं आता बरं जमतं. ज्या अवयवाची आम्ही अकरा वर्षं लाज बाळगली त्याने इमानाने आधी सांगितलं होतं. त्याचेही आभार मानते. उशिरा, पण मनापासून.

परवाच्या रविवारची गोष्ट सांगून थांबते. केतकी आठवड्यासाठी आली आहे. सकाळी बाहेर गेली होती. तिने चार वेळा फोन केला, आम्ही उचलला नाही. बाबाची शस्त्रक्रिया झालेली पोरगी, काय काय मनात आलं असेल. टॅक्सी करून आली, किल्लीने दार उघडून ओरडतच, "आई! बाबा कुठे आहे? बरा आहे ना?"

मी जिन्याच्या टोकावर उभी, गाऊन उलटा घातलेला. दुपारचे बारा.

"बरे आहेत. आम्ही कामात होतो."

"काम? संडेला? कसली काम?"

इतक्यात आतून ह्यांचा आवाज आला, "अगं, हे पुस्तिकेतलं नववं पान कुठे गेलं?" आणि पाठोपाठ ते एकटेच मोठमोठ्याने हसायला लागले. छातीवर हात न ठेवता.

केतकीने वर पाहिलं. मग खाली पाहिलं. मग लाल झाली. "ओ माय गॉड, आई."

"चहा टाक," मी म्हणाले. "सावकाश टाक."